पद्मकाची नऊ शीटे

“टाके माझेच आहेत,” खैरेबाई म्हणाल्या. “पण चूक माझी नाही.”

मी नऊ शीटे त्यांच्या टेबलावर ओळीने मांडली होती. सोमवार होता, १० मार्च १९८६, सकाळचे साडेदहा. तारीख नेमकी आठवते, कारण त्याच आठवड्यात शुक्रवारी निवड समिती बसणार होती. नऊ वर्षे रोजंदारीवर काम केलेल्या यमुना खैरे यांना कायम करायचे, की त्या जागी दुसऱ्या कोणाला घ्यायचे, ते समिती ठरवणार होती. जागा एकच होती. ती दुसऱ्याने भरली, तर एप्रिलपासून त्यांची रोजंदारीही बंद होणार होती. हे त्यांना माहीत होते आणि मलाही.

“टाके तुमचे कशावरून?” मी विचारले.

त्यांनी एक शीट उलटे केले. “शेवटची गाठ बघा. मागच्या बाजूला, डावीकडे, दोन वेढ्यांची. ही जुजबंदीची, पुस्तकाची पानं शिवायची गाठ. इथे येण्याआधी मी सहा वर्षं अप्पा बळवंत चौकात बाइंडरकडे होते. या इमारतीत ही गाठ दुसरं कोणी मारत नाही.”

मी वहीत लिहून घेतले: टाके स्वतःचे असल्याचे मान्य.

“काय लिहिलंत?”

“टाके तुमचे आहेत, एवढंच.”

“आणि चूक माझी नाही, ते?”

“ते अजून सिद्ध व्हायचं आहे.”

त्या हसल्या नाहीत. हसण्यासारखे मी काही बोललोही नव्हतो.

ज्यांनी वनस्पतिसंग्रहालय पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रानातून फांदी तोडून आणायची, टिपकागदात दाबून वाळवायची, किडीपासून वाचावी म्हणून विषाच्या द्रावणातून काढायची आणि जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने शिवायची. याला आम्ही शीट म्हणतो. उजव्या कोपऱ्यात लेबल असते: वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा क्रमांक. गळून पडलेल्या पाकळ्या, बिया वगैरे ठेवायला वर एक लहानसे कागदी पाकीट चिकटवलेले असते. नीट ठेवले तर शीट दोनशे वर्षे टिकते. त्यातले शिवण्याचे काम खैरेबाईंचे होते.

माझे काम वेगळे होते. पद्मक हे हिमालयातले चेरीचे झाड. आपल्याकडच्या वैद्यांना त्याचे लाकूड ठाऊक असते, फुले सहसा कोणी पाहिलेली नसतात. गढवालात त्याला पय्यां म्हणतात. बाकीच्या चेरी वसंतात फुलतात, हे झाड मात्र ऐन थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, बहुधा निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलते. फळे पिकतात पुढच्या एप्रिल-मेमध्ये. शंभर वर्षांत त्याच्या फुलण्याच्या तारखा सरकल्या आहेत का, हे मला पाहायचे होते. त्यासाठी मी आमच्या आणि इतर चार संग्रहांतली मिळून दोनशे बारा शीटे तपासली आणि आलेखावर दोनशे बारा टिंबे मांडली. दोनशे तीन टिंबे शिस्तीत हिवाळ्याच्या तोंडाशी बसली. नऊ टिंबे एप्रिलमध्ये, एकटी, दूर जाऊन पडली. आमचे संग्रहपाल पारसनीस यांनी माझ्या खांद्यावरून आलेख पाहिला आणि म्हणाले, “बरोबरच आहे की! माझ्या विमा कंपनीच्या कॅलेंडरवर जपानची चेरी एप्रिलच्याच पानावर आहे.”

ही नऊही शीटे आमचीच होती. दिवंगत डॉ. नाडकर्णी यांच्या गढवालच्या दौऱ्यातली. तीन झाडे, तीन क्रमांक, प्रत्येकाच्या तीन प्रती. प्रत्येक शीटावर डावीकडे फुलांची फांदी, उजवीकडे पाने आणि पिकलेली फळे, आणि लेबलावर तारीख १९ एप्रिल १९८०. ही फुले एप्रिलची नसणार, हे उघड होते. नाडकर्णी सरांचे दौरे दोन झाले होते, पहिला नोव्हेंबरात, दुसरा एप्रिलात. नोव्हेंबरच्या दौऱ्यातले पद्मकाचे एकही स्वतंत्र शीट मला संग्रहात सापडले नाही. म्हणजे ती फुले इथे, या नऊ कागदांवर येऊन पडली होती. वाळलेल्या फांद्या ज्यांत येतात त्या कागदी घड्यांपैकी दोन क्रमांकांच्या घड्या शिवणखोलीत एकत्र झाल्या, एवढाच निष्कर्ष मला दिसत होता.

दोन्ही दौऱ्यांवर मी स्वतः होतो. विद्यार्थी म्हणून, तेविसाव्या वर्षी. त्यामुळेच माझी खात्री होती की रानात घोटाळा झालेला नाही. झाला असता तर मला माहीत असता.

“मला एका क्रमांकाची एक घडी मिळते,” खैरेबाई सांगत होत्या. “घडीत जे असेल ते त्या क्रमांकाच्या कागदावर जातं. मी क्रमांक बघून शिवते, झाड बघून नाही. झाड ओळखायला तुम्ही आहात.”

“मग फुलं आणि फळं एका घडीत कशी आली?”

“ते मी कसं सांगू? सहा वर्षं झाली. वर्षाला दीड हजार शीटं शिवते.” त्यांनी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवले. आमच्याकडे खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे त्यांच्या नखांच्या कडांना कायम हिरवट छटा असे. “दोन दिवस द्या. मी आठवून बघते.”

मी दोन दिवस दिले नाहीत. आठवण हा पुरावा नव्हे, असे तेव्हा माझे मत होते. अजूनही आहे.

दुपारी संचालक डॉ. केळशीकर यांनी बोलावले.

“अत्तरदे, ती नऊ टिंबं काढून टाका म्हणता. कारण?”

“शिवताना सरमिसळ झाली आहे, सर.”

“मग तसं लिहून द्या. तोंडी कारणावर मी आकडे गाळू देणार नाही.” त्यांनी चष्मा काढला. “शिवाय शुक्रवारी समिती आहे. ती बाई उमेदवार आहे. दुसरा मुलगा डिप्लोमावाला आहे, शिफारशींसह. कामाच्या दर्जाबद्दल तुमचं मत कागदावर हवंच होतं मला.”

मंगळवारी सकाळी मी दोन पानी अहवाल दिला. भाषा मोजकी होती. ‘तीन क्रमांकांच्या नऊ शीटांवर दोन भिन्न हंगामांतील नमुने एकत्र शिवलेले आढळले. टाके संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःचे असल्याचे मान्य केले आहे. अशा चुका इतर शीटांतही असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ शेवटच्या वाक्याला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. ते वाक्य फक्त चांगले वाटत होते. कचेरीत अहवालावर आवक क्रमांक पडला.

बुधवारी तीनच्या सुमाराला खैरेबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या इतक्या वर्षांत तिथे कधीच आल्या नव्हत्या.

“बसा,” मी म्हणालो.

“बसत नाही. तुमचा कागद गेला म्हणे.”

“गेला.”

“मला दाखवला असतात तर बरं झालं असतं. निदान शेवटची ओळ तरी.” ती ओळ त्यांना कोणी सांगितली होती, ते मी विचारले नाही. कचेरीत टायपिस्ट होती आणि भिंती पातळ होत्या. “साहेब, तुम्ही पाकिटं उघडलीत का?”

“कोणती पाकिटं?”

“शीटांवरची. वरच्या कोपऱ्यातली.”

नऊ शीटे मी भिंगातून पाहिली होती. पाकळ्या मोजल्या होत्या, देठांची लांबी मोजली होती. पाकिटे उघडली नव्हती. त्यांत चुरा असतो.

“त्यात काय आहे?”

“आत्ता नाही सांगता येत. पण काहीतरी असणार. फांदीला रानातच दोऱ्याने चिठ्ठी बांधतात ना, क्रमांकाची? लेबल लागलं की ती चिठ्ठी सगळे फेकून देतात. मी फेकत नाही. बाइंडरकडे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: पुस्तक उसवताना आत बसचं तिकीट सापडो की मोराचं पीस, ते त्याच पुस्तकात परत गेलं पाहिजे. आपल्याला काय ठाऊक त्याचं काय महत्त्व आहे? तर चिठ्ठ्या मी पाकिटात टाकते. हे मला काल भाकरी थापताना आठवलं.”

मी उठलो. “चला, उघडू या.”

“आपण दोघांनीच नको.” त्या दारातून हलल्या नाहीत. “म्हणजे, मी हात लावणार नाही. पारसनीस साहेबांना बोलवा. शीटं त्यांच्या कुलपात आहेत सोमवारपासून. उघडतील तेच. नाहीतर उद्या तुम्हीच लिहाल, चिठ्ठ्या मी आत्ता टाकल्या.”

मी शास्त्राचा डॉक्टर होतो आणि प्रयोगातली ही काळजी मला सुचायला हवी होती. ती सुचली बाइंडरकडून आलेल्या बाईंना.

पारसनीस निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले गृहस्थ होते. संग्रहातली ऐंशी हजार शीटे ते कपाटाच्या क्रमाने सांगू शकत आणि दुसऱ्याची फजिती बघण्यासाठी जेवणाची सुट्टीही सोडत. त्यांनी कुलूप काढले, खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा टिपकागद पसरला आणि चिमट्याने पहिले पाकीट उघडले. चुरा झालेल्या चार पाकळ्या, एक बी आणि दोन चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या भोकात अजून दोऱ्याचा तुकडा होता.

“दोन,” पारसनीस म्हणाले. “एका फांदीला दोन चिठ्ठ्या कशाला?”

“दोन फांद्या आहेत,” खैरेबाई लांबून म्हणाल्या. त्या खरोखरच हात पाठीमागे धरून उभ्या होत्या.

पारसनीसांनी चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर पेन्सिलीने एकच क्रमांक होता: १११७, इंग्रजी आकड्यांत. एकीवर तारीख २१ नोव्हेंबर १९७९. दुसरीवर १९ एप्रिल १९८०.

म्हणजे सरमिसळ शिवणखोलीत झालेलीच नव्हती. फुले आणि फळे एकाच क्रमांकाने इथवर आली होती. खैरेबाईंना एकच घडी मिळाली होती आणि त्यांनी ती नियमाप्रमाणे एकाच कागदावर शिवली होती.

“आता हा शहाणा कोण,” पारसनीस पुटपुटले, “ज्याने पाच महिन्यांच्या अंतराने तोडलेल्या फांद्यांना एकच नंबर दिला?” त्यांनी भिंग घेतले. मग भिंग खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. “अत्तरदे, सातच्या पोटातून आडवी रेघ कोण मारतं रे?”

मी वाकून चिठ्ठीवरचा सात पाहिला.

“हा सात मी दर महिन्याला बघतो. तुझ्या रजेच्या अर्जावर.”

त्यांनी राहिलेली आठही पाकिटे उघडली. घाई न करता. अठरा चिठ्ठ्या, अठराही माझ्या हातच्या.

एप्रिलची ती सकाळ मला तेव्हा तिथे, टेबलापाशी उभा असताना, पहिल्यांदा पूर्ण आठवली. नाडकर्णी सरांचा गुडघा सुजला होता आणि ते वनविभागाच्या बंगल्यात पाय शेकत बसले होते. “तीन पय्यांची फळं घेऊन ये,” ते म्हणाले, “झाडं तुला माहीत आहेत.” झाडे मला माहीत होती. नोव्हेंबरात मीच त्यांच्या बुंध्यांवर रंगाने खूण केली होती. वाटेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अडवले. पय्यां देवाचे झाड आहे, त्यावर कोयता चालवायचा नाही, म्हणाले. मी विज्ञानाची गरज समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि फांदी हाताने मोडायला सांगितले. मी हाताने मोडली, चिठ्ठी बांधली आणि क्षणभर विचार केला. झाड तेच. मग नवा क्रमांक कशाला? झाडाला एकदा दिलेला क्रमांक पुन्हा देणे अधिक तर्कशुद्ध नाही का? मी १११७ लिहिले. स्वतःवर खूष झालो, तेही आठवले. संध्याकाळी यादी मीच केली आणि त्या क्रमांकांपुढे जुन्या तारखेच्या जागी नवी तारीख लिहिली. वर्षभरातच सर गेले. लेबले त्या यादीवरून टाइप झाली.

आमच्या शास्त्रातला हा अगदी पहिल्या इयत्तेचा नियम आहे. क्रमांक झाडाला नसतो, तोडणीला असतो. तेच झाड, दुसरा दिवस, दुसरा क्रमांक. मी तो विद्यार्थ्यांना चार वर्षे शिकवत होतो.

“खैरेबाई,” मी म्हणालो.

“नंतर बोलू, साहेब,” त्या म्हणाल्या. “पाच वाजता मला ऐंशी लेबलांना खळ लावून ठेवायचीय.” आणि त्या गेल्या.

पारसनीसांनी चिठ्ठ्या पाकिटांत परत घातल्या, ज्या त्या पाकिटात. “आता ऐक,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “लेबलावर काय आहे? ‘नाडकर्णी व सहकारी’. दुसरा अहवाल लिही की चूक दौऱ्यात झाली, दौरा नाडकर्णींचा. बाई सुटली. तू सुटलास. नाडकर्णी तर केव्हाच सुटलेत.”

“पण चूक त्यांची नाही.”

“ती वर कोणी तपासणार आहे का?”

“वर काही आहे, यालाच माझ्याकडे पुरावा नाही.”

“मग तर प्रश्नच मिटला!” ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, कपाटाला कुलूप लावताना, “बढती जूनमध्ये आहे तुझी. लक्षात आहे ना?”

लक्षात होती. मी धीट माणूस नाही. त्या रात्री झोप लागली नाही असे लिहिले तर शोभेल, पण मी नीट झोपलो. निर्णय मी टेबलापाशीच घेतला होता आणि त्याचे कारणही उदात्त नव्हते. तीन क्रमांक, अठरा चिठ्ठ्या, एकच हस्ताक्षर: इतका नि:संदिग्ध पुरावा मला माझ्या प्रबंधातही कधी मिळाला नव्हता. तो नाकारणे मला जमले नसते.

गुरुवारी सकाळी मी डॉ. केळशीकरांसमोर बसलो.

“अहवाल मागे घ्यायचाय?” ते म्हणाले. “आवक क्रमांक पडलाय. मागे घेता येत नाही.”

“म्हणून दुसरा आणलाय.”

त्यांनी तो वाचला. एकच पान होते. मग पुन्हा वाचला. “‘सदर चूक प्रस्तुत अहवाल लिहिणाऱ्याने केलेली आहे.’ हे तुम्ही.”

“हो.”

“आणि परिशिष्ट अ म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा. तुम्हीच जोडलेला.”

“चिठ्ठ्यांची छायाचित्रं आहेत. शेजारी तुलनेसाठी माझा रजेचा अर्ज.”

“अत्तरदे, समितीत बाहेरचे लोक आहेत. त्यांच्यापुढे संस्थेचा शास्त्रज्ञ असा...” त्यांनी योग्य शब्द शोधला आणि तो सापडला नाही. “हे पान शुक्रवारनंतर दिलंत तरी चालण्यासारखं आहे.”

“पहिलं पान शुक्रवारी वाचलं जाणार असेल, तर दुसरंही वाचलं जावं.”

“आणि नाही वाचलं तर?”

“तर मी दारात उभा राहून वाचीन.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसे आले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. केळशीकरांनाही ते नवीनच असावे. त्यांनी घंटी वाजवली, शिपायाला बोलावले आणि पान आवक खात्यात पाठवले.

शुक्रवारी अकरा वाजता मला निरोप आला: ती नऊ शीटे घेऊन या.

समितीच्या खोलीत पाच जण होते, त्यांत केळशीकर आणि पारसनीसही. डिप्लोमावाल्या मुलाची मुलाखत झाली होती. तो बाहेर बाकावर प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसला होता. चांगला मुलगा होता, त्याने उठून मला जागा दिली. आत खैरेबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या, कोल्हापूरहून आलेल्या एक प्राध्यापिका माझे दुसरे पान हातात धरून होत्या.

“हे तुम्ही लिहिलंत?” त्यांनी मला विचारले.

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“पहिल्यातल्या शेवटच्या वाक्याला काय आधार होता?”

“काहीच नाही, बाई.”

प्राध्यापिकांनी पान खाली ठेवले. त्या खैरेबाईंकडे वळल्या. “आता हे शीट निस्तरायचं कसं? आत्ताच्या पद्धतीप्रमाणे गोंदाने चिकटवतात. तुम्ही अजून दोऱ्याने शिवता. जुनं वाटत नाही का?”

“वेळ जास्त लागतो,” खैरेबाई म्हणाल्या. “गोंदाने दिवसाला वीस होतात, माझी सात-आठ.”

“मग?”

“गोंदाने चिकटवलं असतं, तर अत्तरदे साहेबांची फुलं कायमची एप्रिलातच राहिली असती.”

पारसनीस खोकल्यासारखे हसले. केळशीकर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“करून दाखवता?” प्राध्यापिकांनी विचारले.

खैरेबाईंनी चिमटा आणि ब्लेड मागितले. शीट उलटे ठेवले, डावीकडची गाठ ब्लेडच्या टोकाने उचलली आणि एकाच ठिकाणी कापली. मग शीट सरळ करून दोरा टाक्याटाक्याने मागे ओढत नेला. सहा वर्षांपूर्वीची फुले, चहाच्या रंगाची झालेली, कागदाइतकी पातळ. बोट लागले तरी चुरा व्हावा अशी. त्यांनी फांदीखाली पोस्टकार्ड सरकवले आणि पोस्टकार्डासकट ती उचलली. एक पाकळी सुटून कागदावर राहिली. त्यांनी ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती टिपली आणि पाकिटात ठेवली. मी घड्याळ पाहिले होते. अकरा मिनिटे.

“मी शिवतानाच उसवायची सोय ठेवते,” त्या म्हणाल्या. “बाइंडरकडे सांगायचे, पुस्तक आज ना उद्या परत येणारच.”

प्राध्यापिकांनी वाकून मूळ कागद पाहिला. टाक्यांची भोके सोडली तर त्यावर काही नव्हते. “आमच्याकडे,” त्या केळशीकरांना म्हणाल्या, “मागच्या वर्षी गोंदाची चारशे शीटं अशीच वाया गेली. सुटी करायला गेलं की पानंच येतात हातात.” आणि मला म्हणाल्या, “तुम्ही जाऊ शकता.”

मी बाहेर आलो. तो मुलगा पुन्हा उठून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितले आणि त्याच्या शेजारी बसलो.

निकाल त्या दिवशी लागला नाही. सरकारी निकाल त्या दिवशी लागत नसतात. मार्च संपला. एक एप्रिलला खैरेबाई रोजच्यासारख्या आल्या, कारण येऊ नका असे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी सात शीटे शिवली. दोन एप्रिललाही आल्या. मी दोन्ही दिवशी काही ना काही काम काढून शिवणखोलीवरून गेलो. अकरा एप्रिलला पत्र आले. त्यांनी ते पारसनीसांकडून मोठ्याने वाचून घेतले. वाचता येत नव्हते म्हणून नव्हे, त्यांना ते दुसऱ्याच्या आवाजात ऐकायचे होते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. डिप्लोमावाल्या मुलाला पुढे कोल्हापूरला जागा मिळाली आणि तो दोन आठवडे आमच्याकडे टाके शिकायला येऊन राहिला. जूनच्या बढतीच्या यादीत माझे नाव नव्हते. ते पुढच्या वर्षी आले.

कायम झाल्यावर खैरेबाईंनी हाती घेतलेले पहिले काम म्हणजे ती नऊ शीटे. त्यांची अठरा करायची होती. पाच दिवस लागले. प्रत्येक फांदीला तिची चिठ्ठी, चिठ्ठीप्रमाणे तारीख. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावले.

आमच्याकडे जुने लेबल कधी काढत नाहीत, मग ते कितीही चुकीचे असो. दुरुस्ती करणाऱ्याने शेजारी नवी चिठ्ठी लावायची, काय चुकले ते लिहायचे आणि खाली नाव व तारीख घालायची. शंभर वर्षांपूर्वीच्या शीटांवर अशा चार-चार चिठ्ठ्या असतात, प्रत्येक पिढीची एक. मी अठरा चिठ्ठ्या तयार करून नेल्या होत्या. काळ्या शाईत, सुवाच्य. खैरेबाईंनी वरची उचलली आणि वाचली.

“‘दुरुस्ती: डॉ. हे. अत्तरदे. साहाय्य: सौ. य. खैरे.’” त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “साहेब, एक विचारू?”

“विचारा.”

“साहाय्य कोणी कोणाला केलं?”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. या संग्रहातल्या ऐंशी हजार शीटांवर शोधणाऱ्यांची, ओळखणाऱ्यांची, दुरुस्त करणाऱ्यांची नावे आहेत. शिवणाऱ्याचे एकही नाही. हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवले नव्हते, आणि त्यांना बहुधा नऊ वर्षे रोज जाणवत होते.

मी अठराही चिठ्ठ्या फाडल्या आणि त्यांच्याच टेबलावर बसून नव्या लिहायला घेतल्या. ‘क्रमांक १११७. फुले व फळे स्वतंत्र तोडणीची, तारखा मूळ चिठ्ठ्यांवरून निश्चित. दुरुस्ती: यमुना खैरे.’ खाली दुसरी ओळ घातली: ‘मूळ चूक: हे. अत्तरदे.’

त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. “दुसरी ओळ कशाला? झालं गेलं.”

“लागेल,” मी म्हणालो. “पन्नास वर्षांनी कोणी हे शीट बघेल. टाक्यांची भोकं बघेल. चूक कोणाची ते लिहिलं नसेल, तर सगळ्यात आधी तुमच्यावर संशय घेईल.”

“तुमच्यासारखा कोणी असेल तर.”

“माझ्यासारखे पुष्कळ असतात.”

त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली, आपल्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली, शाई वाळू दिली, आणि खळीचे भांडे उघडून माझ्याकडे सरकवले.

“लावा,” त्या म्हणाल्या. “कडेला जरा कमी.”